नेटवर्किंगची सर्टिफिकेशन्स: कोणतं घ्यायचं, तयारी कशी करायची आणि मुदत कशी सांभाळायची

सिस्को, कॉम्पटिया आणि जुनिपर यांची सर्टिफिकेशन्स ३ वर्षं चालतात, फोर्टिनेटची बहुतेक २ वर्षं, आणि मायक्रोसॉफ्टचं अझूर नेटवर्क इंजिनिअर असोसिएट फक्त १ वर्ष. परीक्षेची फी भरताना हा हिशेब फारसा कुणाच्या डोक्यात नसतो. मग मुदत संपायला महिना उरला की धावपळ सुरू होते, किंवा मेहनतीनं मिळवलेलं सर्टिफिकेट गुपचूप बाद होऊन जातं. म्हणून या लेखात निवड, तयारी आणि नूतनीकरण या तिन्ही गोष्टी एकाच हिशेबात मांडल्या आहेत. पुढची ३ वर्षं काय काम करायचं आहे हे ठरलं, की कोणती परीक्षा द्यायची आणि ती पुढे कशाच्या जोरावर टिकवायची हे जवळपास आपोआप ठरतं.

आधी नोकरीच्या जाहिराती वाचा

कोर्सची यादी उघडण्याआधी, तुम्हाला जे पद पुढच्या टप्प्यावर हवं आहे त्याच्या २५-३० जाहिराती गोळा करा. एका स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने करा: कोणती उपकरणं, कोणती कामं, कोणतं सर्टिफिकेशन. सर्टिफिकेशनच्या रकान्यात ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास प्राधान्य’ हे वेगळं लिहा. बऱ्याच जाहिरातींत सीसीएनपीचा (सिस्कोचं वरच्या पातळीचं सर्टिफिकेशन) उल्लेख नुसत्या प्राधान्यापुरता असतो. कामाच्या रकान्यात मात्र स्विच बदलणं, व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्क) लावणं आणि तक्रारींची तिकिटं बंद करणं एवढंच दिसतं. तिथे सीसीएनए (सिस्कोचं सुरुवातीचं सर्टिफिकेशन) आणि हाताला सवय असणं पुरतं.

तीस ओळी भरल्या की चित्र स्पष्ट होतं. एनओसी (नेटवर्कवर नजर ठेवणारं केंद्र) आणि कनिष्ठ नेटवर्क इंजिनिअरच्या जागांना सीसीएनए सर्वाधिक मागितलं जातं. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांमध्ये बीजीपी आणि एमपीएलएस ही मोठ्या नेटवर्कमधून पॅकेट नेण्याची तंत्रं आणि जुनिपर वारंवार दिसतात. मोठ्या ऑफिसांच्या नेटवर्कमध्ये स्विचिंगसोबत फायरवॉल हवी असते, मग ती फोर्टिनेटची असो वा पालो आल्टोची. क्लाउडच्या जागांना एडब्ल्यूएसचं अॅडव्हान्स्ड नेटवर्किंग किंवा मायक्रोसॉफ्टची एझेड-७०० ही (अझूर नेटवर्क इंजिनिअर असोसिएटची) परीक्षा उपयोगी पडते. पण या दोन्हींच्या आधी साधं रूटिंग (पॅकेटचा मार्ग ठरवणं) पक्कं नसेल तर व्हीपीसी पिअरिंग आणि ट्रान्झिट गेटवे (क्लाउडमधली नेटवर्क जोडण्याचे मार्ग) ही नुसती पाठांतरं होतात.

एक गोष्ट जाहिरातीत छापलेली नसते. उपकरणं विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या कंपन्यांना उत्पादकाकडून भागीदाराचा दर्जा टिकवण्यासाठी ठरावीक संख्येनं सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. अशा कंपनीत तुमची परीक्षा ही कंपनीचीही गरज असते, त्यामुळे फी आणि प्रशिक्षण यांबद्दल मोकळेपणानं विचारायला हरकत नाही. मात्र फी कंपनीनं दिली तर ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट करारात आहे का, ते सहीपूर्वी वाचा.

पहिलं सर्टिफिकेशन: नेटवर्क प्लस की सीसीएनए?

कॉम्पटियाचं नेटवर्क प्लस कुठल्याही एका कंपनीच्या उपकरणांशी बांधलेलं नाही. जून २०२४ पासून त्याची एन१०-००९ ही आवृत्ती चालू आहे. ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० या पट्टीवर ७२० ला पास. हेल्पडेस्क, डेस्कटॉप सपोर्ट किंवा सिस्टिम अॅडमिनकडून नेटवर्किंगकडे सरकायचं आहे पण अजून नक्की नाही, अशा माणसाला हे बरं पडतं.

नेटवर्क इंजिनिअरच व्हायचं हे पक्कं असेल तर थेट सीसीएनए करा. दोन्ही करण्यात वेळ आणि फी दोन्ही जातात, आणि सीसीएनए हातात असताना नेटवर्क प्लसकडे मुलाखतीत कुणी फारसं पाहत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोनं वेगवेगळ्या शाखांची सीसीएनए गुंडाळून २००-३०१ ही एकच परीक्षा ठेवली. ती १२० मिनिटांची असते आणि विषयांचं वजन असं आहे: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क अॅक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सेवा १०, सुरक्षा १५, ऑटोमेशन १०. पास होण्यासाठी किती गुण लागतात हे सिस्को जाहीर करत नाही, त्यामुळे ‘इतक्या टक्क्यांना पास’ अशा आकड्यांवर विसंबून एखादा विषय सोडू नका.

जुनिपरचं जेएनसीआयए-जुनोस हे दुसरं सर्टिफिकेशन म्हणून छान आहे. सीसीएनए झालेल्या माणसाला त्यात रूटिंग नव्यानं शिकावं लागत नाही, काम करण्याची पद्धत तेवढी शिकावी लागते. सिस्कोच्या आयओएसमध्ये एंटर दाबलं की आज्ञा लागू होते. जुनोसमध्ये बदल आधी बाजूला साठतात आणि कमिट केल्यावरच लागू होतात. ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं आणि १० मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही, तर उपकरण आपोआप जुन्या कॉन्फिगरेशनवर परत जातं. लांबच्या साइटवरचा राउटर चुकीच्या फिल्टरनं स्वतःच्याच हातानं बंद करून बसलेल्या कुणालाही याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

सिलॅबसमधली क्रियापदं

परीक्षेच्या विषयांची अधिकृत यादी डाउनलोड करा आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचं क्रियापद अधोरेखित करा. अभ्यास कुठे वाचून भागेल आणि कुठे हात चालवावे लागतील, हे तेच सांगतं. सीसीएनएच्या यादीत सिंगल एरिया ओएसपीएफबद्दल (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) ‘कॉन्फिगर अँड व्हेरिफाय’ असं लिहिलं आहे, तर एचएसआरपीसारख्या फर्स्ट हॉप रिडंडन्सीबद्दल (एक गेटवे बंद पडला की दुसऱ्यानं काम घेणं) नुसतं ‘डिस्क्राइब’. रूटिंग टेबलसाठी ‘इंटरप्रेट’ आहे: म्हणजे टेबल समोर ठेवलं जाईल आणि पॅकेट कुठल्या इंटरफेसनं बाहेर पडेल हे विचारलं जाईल.

याप्रमाणे यादीला तीन रंग द्या. ‘कॉन्फिगर’वाल्या प्रत्येक ओळीची निदान तीन वेळा लॅब, दर वेळी कोऱ्या कॉन्फिगरेशनपासून. ‘इंटरप्रेट’साठी शो कमांडचे आउटपुट वाचण्याचा सराव. ‘डिस्क्राइब’ आणि ‘एक्स्प्लेन’साठी वाचन आणि स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानाचं टिपण. अनेकांचा अभ्यास नेमका उलटा होतो: व्हिडिओ सगळ्या विषयांचे बघून होतात आणि लॅब एकाचीही नीट होत नाही.

नोकरी सांभाळून आठवड्याला १० तास देता आले तर सीसीएनएला चार ते सहा महिने धरा. यात निम्मा वेळ लॅबचा. परीक्षेची तारीख सुरुवातीलाच घेऊ नका; यादीतल्या तीन-चतुर्थांश ओळी झाल्या की घ्या, साधारण पाच-सहा आठवडे पुढची.

लॅब: कशावर आणि काय करायचं

सीसीएनएसाठी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर पुरतं. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. पण ते खऱ्या उपकरणाची नक्कल आहे, त्यामुळे त्यात काही कमांड चालतच नाहीत. एखादी कमांड नाकारली गेली तर आधी ‘इथे नसेल’ ही शक्यता तपासा, नाहीतर तासभर स्वतःची चूक शोधत बसाल. खरी आयओएस हवी असेल तर सिस्को मॉडेलिंग लॅब्सची मोफत आवृत्ती ५ उपकरणांपर्यंत चालते. जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी जास्त मोकळीक देतात, पण त्यांत उपकरणांच्या इमेज तुम्हालाच कायदेशीर मार्गानं आणाव्या लागतात. जुने स्विच विकत घेण्याची हौस असेल तर घ्या. पंख्याचा आवाज आणि विजेचं बिल मात्र सोबत येतं.

लॅबमध्ये बहुतेक जण चालणारं नेटवर्क उभं करतात आणि थांबतात. खरा अभ्यास तिथून पुढे, ते मोडण्यात आहे. दोन राउटर एका इथरनेट लिंकनं जोडा, ओएसपीएफ लावा, शेजारी (पलीकडचा राउटर) ‘फुल’ म्हणजे जोडी पूर्ण जमल्याच्या अवस्थेत आला की एका वेळी एकच गोष्ट बिघडवा आणि लक्षण लिहून ठेवा.

एका बाजूचा हॅलो टायमर १० वरून १५ करा: डेड टायमर संपला की शेजारी यादीतून गायब. एरिया क्रमांक वेगळा द्या: शेजारी दिसतच नाही. इंटरफेस पॅसिव्ह करा: त्याचं नेटवर्क जाहीर होत राहतं, पण त्या बाजूला शेजारी होत नाही. दोन्ही राउटरना एकच राउटर आयडी द्या: जोडी जमत नाही आणि लॉगमध्ये तक्रार येते.

आता एका बाजूचा आयपी एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४०० करा. लगेच काहीच होत नाही, कारण एमटीयूची तुलना फक्त डेटाबेस डिस्क्रिप्शन पॅकेटमध्ये होते आणि ती देवाणघेवाण आधीच उरकलेली असते. ओएसपीएफ प्रोसेस क्लिअर केली की जोडी ‘एक्सस्टार्ट’ किंवा ‘एक्स्चेंज’पाशी अडकते. म्हणूनच असा बिघाड प्रत्यक्षात बदल केल्याच्या दिवशी न दिसता पुढच्या रीस्टार्टनंतर उगवतो आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

शेवटचा बिघाड सगळ्यात फसवा. एका बाजूचा नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट करा, दुसरी बाजू ब्रॉडकास्टच ठेवा. दोन्हींचे टायमर १० आणि ४० च असल्यामुळे शेजारी ‘फुल’ दिसतो, पण रूटिंग टेबलमध्ये पलीकडचे मार्ग येत नाहीत. ‘शेजारी फुल आहे म्हणजे ओएसपीएफ ठीक आहे’ ही समजूत इथे कायमची सुटते. असाच खेळ व्हीलॅन ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी लिंक), नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यांत बदलणं) आणि एसीएल (कुणाला जाऊ द्यायचं याची यादी) यांच्याशीही करा. ट्रंकवर एखादं व्हीलॅन परवानगीच्या यादीतून काढा, नॅटमध्ये आतली-बाहेरची बाजू उलटी लावा, एसीएलच्या शेवटी न दिसणारा ‘डिनाय एनी’ विसरून पाहा.

सबनेटिंगला (नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटण्याचं गणित) वेगळा वेळ हवा, कारण परीक्षेत ते दहा प्रश्नांच्या पोटात लपलेलं असतं. १०.२०.७७.१३०/२१ हा पत्ता घ्या. /२१ म्हणजे मास्क २५५.२५५.२४८.०, तिसऱ्या गटात २५६ वजा २४८ म्हणजे ८ चे टप्पे. ७७ च्या आधीचा ८ चा पाढा ७२, पुढचा ८०. म्हणून नेटवर्क १०.२०.७२.०, ब्रॉडकास्ट १०.२०.७९.२५५, आणि वापरता येणारे पत्ते २०४६. कागदाशिवाय अर्ध्या मिनिटात उत्तर येईपर्यंत रोज दहा उदाहरणं सोडवा. इथे वाचलेला वेळ लॅबच्या प्रश्नांना मिळतो.

परीक्षा देताना

खातं उघडताना स्वतःचा कायमचा ईमेल वापरा. कंपनीच्या ईमेलवर उघडलेलं खातं नोकरी बदलली की हातातून जातं. मग दुसरं खातं उघडलं जातं, इतिहास दोन ठिकाणी विभागतो आणि तो जोडून घ्यायला सपोर्टशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. खात्यावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळवा, मधल्या नावासकट. नाव जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फीही सहसा परत मिळत नाही.

घरून परीक्षा देता येते, पण कंपनीचा लॅपटॉप त्यासाठी वापरू नका. त्यावरचं व्हीपीएन आणि सुरक्षा सॉफ्टवेअर परीक्षेच्या प्रणालीला अडवतं. सिस्टिमची चाचणी ज्या जागेवरून, ज्या इंटरनेटवरून परीक्षा देणार तिथूनच करा. खोलीत दुसरं कुणी आलं किंवा तुम्ही प्रश्न पुटपुटत वाचले तरी परीक्षा थांबवली जाऊ शकते. केंद्र जवळ असेल तर केंद्रच बरं.

सिस्कोच्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. ‘नंतर बघू’ हा मार्ग बंद असल्यामुळे एका प्रश्नावर दोन मिनिटांपेक्षा जास्त अडकू नका; लॅबचा प्रश्न आला तर त्याला सहा-आठ मिनिटं द्या. कॉम्पटियात कृतीवर आधारित प्रश्न सुरुवातीलाच येतात, ते खूण करून शेवटी सोडवता येतात, आणि तसंच करावं. नापास झाल्यास सिस्कोच्या असोसिएट आणि प्रोफेशनल परीक्षांना ५ दिवस थांबावं लागतं. कॉम्पटियात दुसरा प्रयत्न लगेच देता येतो, तिसऱ्याआधी मात्र १४ दिवस जावे लागतात. सिस्कोच्या गुणपत्रिकेत विषयवार टक्के असतात. पुढचा अभ्यास त्यावरूनच ठरवा.

डम्पबद्दल (बाहेर फुटलेले परीक्षेचे प्रश्न) थोडक्यात: परीक्षेपूर्वी तुम्ही गुप्ततेचा करार मान्य करता. चोरलेले प्रश्न वापरल्याचं आढळलं तर निकाल रद्द होतो, सर्टिफिकेशन काढून घेतलं जातं आणि पुढच्या परीक्षांना बंदीही येऊ शकते. त्यापेक्षा लवकर गाठणारी शिक्षा मुलाखतीत मिळते, जिथे समोरचा विचारतो, ‘शेजारी एक्सस्टार्टला अडकलाय, काय बघशील?’

नूतनीकरण: पास झाल्याच्या दिवशीच कॅलेंडर उघडा

तीन नोंदी करा: दीड वर्षानंतर, अडीच वर्षानंतर आणि मुदतीच्या ९० दिवस आधी. दीड वर्षाला मार्ग ठरवायचा, अडीच वर्षाला काम निम्म्याहून जास्त झालेलं असायचं, आणि शेवटची नोंद फक्त खात्यावर सगळं चढलं आहे का हे बघायला.

सिस्कोत सीसीएनए टिकवण्याचे दोन मुख्य रस्ते आहेत: परीक्षा किंवा ३० कंटिन्यूइंग एज्युकेशन क्रेडिट. सीसीएनपीला ८० क्रेडिट लागतात, किंवा एक कोअर (मुख्य विषयाची) परीक्षा, किंवा दोन कॉन्सन्ट्रेशन (एका उपविषयाच्या) परीक्षा, किंवा एक कॉन्सन्ट्रेशन आणि ४० क्रेडिट. क्रेडिट मान्यताप्राप्त कोर्स, सिस्को लाइव्हची सत्रं अशा गोष्टींतून मिळतात. ‘रेव्ह अप टू रीसर्ट’ या नावानं सिस्को अधूनमधून मोफत क्रेडिटचे कोर्स काढते. ते ठरावीक आठवड्यांपुरते खुले असतात, म्हणून त्यांच्या सूचना चालू ठेवा.

सीसीएनए झालेल्या माणसानं पुन्हा सीसीएनएच देणं हा सगळ्यात वाया जाणारा मार्ग. तेवढाच अभ्यास वरच्या परीक्षेत घाला. समजा सीसीएनए मार्च २०२४ ला झालं, मुदत मार्च २०२७. जानेवारी २०२७ मध्ये ३५०-४०१ एनकोर ही कोअर परीक्षा पास केली, तर सीसीएनए जानेवारी २०३० पर्यंत वाढतं आणि एनकोरचं स्पेशालिस्ट सर्टिफिकेट वेगळं मिळतं. मग २०२७ च्या जूनमध्ये ३००-४१० एनारसी ही कॉन्सन्ट्रेशन परीक्षा झाली की सीसीएनपी एंटरप्राइझ पूर्ण, आणि सगळ्यांची मुदत जून २०३० पर्यंत पुढे. इथे एकच फास आहे: कोअर आणि कॉन्सन्ट्रेशन यांतली पहिली परीक्षा ३ वर्षांनी कालबाह्य होते. एनकोर करून ‘आता थोडी विश्रांती’ म्हणत ३ वर्षं गेली, तर सीसीएनपी हुकतं आणि एनकोर पुन्हा द्यावी लागते. सीसीएनपीला सीसीएनए असण्याची सक्ती २०२० पासून नाही, हेही लक्षात असू द्या. आधीच पाच-सात वर्षं काम केलेल्या माणसानं थेट एनकोरपासून सुरुवात केली तर चालतं.

कॉम्पटियाचा हिशेब वेगळा. नेटवर्क प्लसला ३ वर्षांत ३० सीईयू (कंटिन्यूइंग एज्युकेशन युनिट), ए प्लसला २०, सिक्युरिटी प्लसला ५०. प्रशिक्षणाचा एक तास म्हणजे एक युनिट. ते मंजूर व्हायला कोर्सचा निदान अर्धा भाग परीक्षेच्या विषयांशी जुळावा लागतो. पुरावा म्हणून तुमचं नाव, तारीख आणि तास लिहिलेलं प्रमाणपत्र लागतं. वेबिनार ऐकला त्याच दिवशी ते उतरवून चढवा, वर्षभरानं आयोजकांची लिंकच सापडत नाही. युनिट पूर्ण असूनही देखभाल फी भरली नाही तर नूतनीकरण होत नाही. इथेच बरेच जण अडखळतात. सगळ्यात सुटसुटीत मार्ग म्हणजे वरची परीक्षा: सिक्युरिटी प्लस पास झालात की नेटवर्क प्लस आणि ए प्लस दोन्ही नूतनित होतात.

मायक्रोसॉफ्टचं एझेड-७०० वाटतं तेवढं त्रासाचं नाही. मुदत वर्षाचीच असली तरी नूतनीकरण मोफत आहे, ऑनलाइन आहे, कुणी कॅमेऱ्यातून बघत नसतं, आणि त्याची खिडकी मुदतीच्या ६ महिने आधी उघडते. ती उघडली त्याच आठवड्यात देऊन टाका. मुदत उलटली तर पूर्ण परीक्षा पुन्हा, पूर्ण फीसकट. एडब्ल्यूएसच्या अॅडव्हान्स्ड नेटवर्किंगला दर ३ वर्षांनी परीक्षाच द्यावी लागते, आणि ती १७० मिनिटांची, ६५ प्रश्नांची आहे. रोज क्लाउडवर काम नसेल तर हे ओझं घेण्याआधी विचार करा.

क्रेडिट किंवा युनिट खात्यावर चढायला काही दिवस जातात. शेवटच्या आठवड्यात केलेला कोर्स मुदतीनंतर मंजूर होऊन काही उपयोग नाही. सिस्कोत मुदत संपली की सवलतीचा काळ नसतो. परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

सोडून द्यायचं कधी

सगळी सर्टिफिकेशन्स जिवंत ठेवण्याचा हट्ट पाच-सहा वर्षांनी अंगावर येतो. दर नूतनीकरणाला सुरुवातीची ती स्प्रेडशीट नव्या जाहिरातींनी पुन्हा भरा. सीसीएनपी असलेल्या माणसानं ए प्लससाठी वेगळी फी भरणं, किंवा कंपनीनं बदलून टाकलेल्या फायरवॉलचं सर्टिफिकेट दर २ वर्षांनी उजळवणं, यातून हाती काही लागत नाही. ते संपू द्या. बायोडेटामध्ये ते ‘२०२१-२०२४’ अशा वर्षांसह लिहा, चालू असल्यासारखं भासवू नका. नोकरी देणारे पडताळणीची लिंक मागतात आणि बॅजवर मुदत संपल्याची तारीख स्पष्ट दिसते. चालू असलेल्यांच्या पडताळणीच्या लिंक मात्र बायोडेटातच द्या, आणि बॅजचं खातंही त्याच कायमच्या ईमेलवर ठेवा.